मुरुमांचे खड्डे आणि काळे डाग : नागपुरात कोणी खरंच उपचार घेतलेत का?

तर्रीपोहे | १० नोव्हेंबर, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. विषय जरा संकोचाचा आहे म्हणून नवीन आयडी काढून लिहून राहिलो. वय २७, नोकरी मिहानमध्ये, राहायला मानेवाडा. इंजिनिअरिंगच्या वर्षांत तोंडभर मुरूम होते. आता नवीन फारसे येत नाहीत, पण दोन्ही गालांवर आणि कानशिलाजवळ खड्डे राहून गेले. काही बारीक, सुई टोचल्यासारखे, काही पसरट. हनुवटीवर काळपट डाग आहेत ते वेगळेच.

मागच्या आठवड्यात एका चकाचक स्किन-हेअर क्लिनिकात गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीनेच चेहरा पाहिला, टॅबवर फोटो काढले आणि डॉक्टर यायच्या आधीच सहा सेशनचं लेझर पॅकेज हातात दिलं. साठ हजार, "आज भरले तर पंचेचाळीस". डॉक्टर शेवटी आले, उभ्या उभ्याच "हो, होऊन जाईल" म्हणाले. विचार करून सांगतो म्हणून निघालो.

घरी आईचं म्हणणं, मुलाच्या जातीला काय करायचं आहे तोंडाचं? बाबांचं म्हणणं, तेवढ्यात गाडीचं डाऊन पेमेंट होते.

मला विचारायचं ते हे की लेझर हाच इलाज आहे का, क्रीमने काही होते का, आणि आपल्या इथल्या उन्हात हे करायचं तरी कधी? ज्यांनी स्वतः केलं त्यांनी लिहा. मैत्रिणीच्या नणंदेचे किस्से नको, बाप्पा.

निंबोळी | १० नोव्हेंबर, रात्री ११.३२

घ्या! मी मैत्रिणीच्या नणंदेचंच टाईप करत होते. असो, बसते धाग्यावर. मलाही पाहिजे माहिती.

विदर्भएक्सप्रेस | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

भाऊ, "आज घेतलं तर एवढ्यात" म्हणणाऱ्याकडून आपण बर्डीवर जीन्स घेतो, तोंडाचा इलाज नाही करत.

गच्चीवरची बाग | ११ नोव्हेंबर, दुपारी २.२०

मी केलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझे खड्डे पसरट होते, दोन्ही गाल वरखाली दिसायचे. रामदासपेठेत एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. पहिल्या भेटीत त्यांनी लेझरचं नावही काढलं नाही. आधी विचारलं, सध्या मुरूम येतात का? येत होते, पीसीओडीमुळे, म्हणजे हार्मोन्सच्या गडबडीमुळे. "चालू मुरमांवर मी खड्ड्यांचं काम करत नाही, एक भरायचा आणि दोन नवीन पडायचे," असं म्हणाल्या आणि पुढचे कित्येक महिने नुसते मुरूमच आटोक्यात आणले. तेव्हा मला राग आला होता. पैसे देऊन यायला तयार आहे आणि ही बाई घेत नाही!

मग सबसिजन केलं. त्याबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. आधी खुर्चीवर बसवून गालावर पेनने गोल काढतात. आडवं केल्यावर गाल मागे सरकतो आणि खड्डे दिसेनासे होतात, म्हणून बसवूनच. नंतर भूल द्यायची इंजेक्शनं. सगळ्यात दुखतं ते हेच. मग सुई कातडीखाली आडवी घालून पुढे-मागे, डावी-उजवीकडे फिरवतात. दुखत नाही, पण आवाज येतो! कानाजवळ काम चाललं होतं तेव्हा करकर करकर थेट डोक्यात ऐकू येत होतं. मी घाबरून हात धरला. बाई म्हणाल्या, खड्ड्याला खालून ओढून धरणारे तंतू तुटताहेत, तुटू द्या.

घरी आले तेव्हा गाल सुजलेला, दुसऱ्या दिवशी निळाजांभळा. सासूबाईंनी शेजारच्यांना परस्पर सांगून टाकलं की सूनबाईची दाढ काढली. आठवडा-दहा दिवसांत निळेपणा उतरला. त्यानंतर काही महिन्यांच्या अंतराने मायक्रोनीडलिंग, म्हणजे गालभर बारीक सुया टोचणं.

किती फरक पडला? निम्म्याहून जास्त. फोटोत दिसत नाहीत, दुपारी खिडकीशी बसले की दिसतात. माझं समाधान आहे. "पूर्ण जातील" असं कोणी सांगितलं तर तिथून चप्पल घालून निघायचं.

तर्रीपोहे | ११ नोव्हेंबर, रात्री ९.४८

ताई, एवढं मोकळेपणाने लिहिलं, खूप थँक्यू. पण माझे पसरट कोणते आणि बाकीचे कोणते हे मला कसं कळणार? आरशात तर सगळेच सारखे वाटून राहिले.

अर्धवट डॉक्टर | ११ नोव्हेंबर, रात्री ११.५५

आयडीवर जाऊ नका, एमबीबीएस पूर्ण आहे. सध्या त्वचारोगात एमडी करतो आहे, नागपुरातच. कॉलेज विचारू नका. हे प्रिस्क्रिप्शन नाही, डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते कळावं म्हणून लिहितो.

हनुवटीचे काळे डाग आधी बाजूला काढा. तिथे कातडीचा आकार बिघडलेला नसतो, नुसता रंग असतो. मुरमाची सूज उतरली की आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंगपेशी गरजेपेक्षा जास्त मेलॅनिन सोडून देतात. वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिकट होत जातो. खालच्या थरात उतरला असेल तर राखाडी-निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो. मुरूम नुकताच गेला असेल तर लाल-गुलाबी ठिपका राहतो, तो बारीक रक्तवाहिन्यांचा. तोही बहुतेक वेळा वेळ घेऊन जातो. यातल्या कशासाठीही पंचेचाळीस हजार घेऊन पळत सुटायची गरज नाही.

खड्ड्याचं दुखणं खाली आहे. मुरूम आतल्या आत फुटला की तिथल्या सुजेत कोलॅजन, म्हणजे कातडीला आतून आधार देणारं प्रथिन, नष्ट होतं आणि जखम भरताना तेवढं परत तयार होत नाही. जिथे कमी पडलं तिथे कातडी आत बसते.

आता रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च कानाच्या बाजूने गालाला आडवा धरा. ज्याची सावली पडली तो खड्डा, नाही पडली तो डाग. मग दोन बोटांनी गाल हलका ताणा. ताणल्यावर सपाट झाला तर तो पसरट प्रकार, डॉक्टर 'रोलिंग' म्हणतात. त्याला खालून तंतूंनी बांधलेलं असतं, तिथे सबसिजन. ताणूनही बारीक भोक तसंच दिसलं तर 'आइस पिक', वर तोंड दोन मिलिमीटरहून लहान आणि आत खोल निमुळता. त्याच्या तळापर्यंत लेझर नीट पोचत नाही, तिथे टीसीए क्रॉस. कडा उभ्या आणि तळ सपाट, कांजण्यांच्या वणासारखा दिसतो तो 'बॉक्सकार'. उथळ असेल तर मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल, म्हणजे बारीक ठिपक्यांत मारायचं, लेझर. खोल असेल तर पंच, म्हणजे गोल पात्याने कापून तळ वर उचलायचा किंवा तो तुकडाच काढून टाका घालायचा.

बहुतेकांच्या गालावर तिन्ही प्रकार एकत्र असतात. म्हणून "एकच मशीन, सहा वेळा" असं पॅकेज ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, यांनी खड्डे पाहिले की मशीनचा हप्ता?

जिमवाला बंटी | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

अबे भाऊ, एवढं काहून टेन्शन घेतो? ऑनलाइन डर्मारोलर येते चारपाचशेत. मी मागवून राहिलो.

अर्धवट डॉक्टर | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

बंटीभाऊ, ऑर्डर कॅन्सल करा. खड्ड्यांसाठी डॉक्टर साधारण दीड ते दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत सुई आत नेतात, भूल देणारी क्रीम लावून, निर्जंतुक करून. घरचा पाव-अर्धा मिलिमीटरचा रोलर त्या खोलीपर्यंत जातच नाही. आणि मोठ्या सुयांचा मागवला तर तो घरी वापरायचा नाहीच. चालू मुरमावर फिरवला तर पू आणि जंतू साऱ्या चेहऱ्यावर.

जिममध्ये व्हे प्रोटीन घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. काहींचे मुरूम त्याने भडकतात.

जिमवाला बंटी | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.४४

प्रोटीनवर नको ना बोलू डॉक्टर.

तर्रीपोहे | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२०

टॉर्च टेस्ट केली. बहीण बाहेरून दार वाजवून राहिली होती, मी आत अंधारात गाल ताणून उभा. हनुवटीवर एकाचीही सावली पडली नाही! म्हणजे मी ज्याची सगळ्यात जास्त चिंता करत होतो तो नुसता रंग निघाला. गालावरचे पसरटवाले ताणल्यावर बरेच गायब झाले. कानशिलाजवळचे बारीक मात्र जसेच्या तसे.

ते टीसीए क्रॉस काय प्रकार आहे? टीसीएतला ए ॲसिडचा आहे म्हणून विचारतो.

सुलभा_महाल | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

एवढ्या सुया न् ॲसिड कशाला रे बाबांनो. आमच्या वेळी बेसन, हळद, साय आणि वरून लिंबू. आंघोळीच्या आधी पंधरा मिनिटं. माझ्या तीन्ही पोरींचे चेहरे पाहा.

निंबोळी | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.१२

काकू, बेसन-हळद चालू द्या, पण लिंबू नको. माझ्या चुलत बहिणीने मे महिन्यात लिंबू लावून अंगणात कपडे वाळत घातले. गालावर ओघळाच्या आकाराचा काळा पट्टा उठला. पावसाळा संपला तरी गेला नव्हता.

अर्धवट डॉक्टर | १३ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

निंबोळीताईंच्या बहिणीचं उदाहरण अगदी नेमकं आहे. लिंबाच्या रसातले काही घटक कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखी प्रतिक्रिया येते, कधी फोड येतात, आणि मागे काळं राहतं. वर आम्लपणा इतका की त्वचेचा वरचा थर दुखावतो तो वेगळा. डाग घालवायला गेलो आणि डाग घेऊन आलो.

टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड. क्रॉसमध्ये ते ७० ते १०० टक्के तीव्रतेचं वापरतात, पण चेहऱ्यावर फासत नाहीत. टोकदार लाकडी काडी त्यात बुडवून फक्त भोकाच्या आत टेकवतात. काही सेकंदांत तिथे पांढराशुभ्र ठिपका उमटतो. जळजळते, मग थांबते. खपली धरते आणि आठवड्याभरात पडते. आत मुद्दाम केलेली ती जखम भरताना नवीन कोलॅजन धरतं आणि भोक हळूहळू वर येतं. कोरियातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये ही पद्धत मांडली. महागडं मशीन लागत नाही, म्हणून पॅकेजमध्ये हिची जाहिरात कमी दिसते.

थेंब बाहेर पसरला तर भोक रुंद होतं किंवा भोवती काळं पडतं. ऑनलाइन बाटली मागवून घरी प्रयोग करणारे आहेत, मी त्यांचे गाल ओपीडीत पाहिले आहेत. त्यावर जास्त लिहीत नाही.

सुलभा_महाल | १३ नोव्हेंबर, दुपारी ४.०२

बरं बाबा, लिंबू बंद. हळद मी सोडणार नाही.

काउंटरमागचे काका | १३ नोव्हेंबर, रात्री १०.४५

इतवारीकडे माझं औषधाचं दुकान आहे, बरीच वर्षं. या धाग्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोज कोणीतरी पोरगी किंवा पोरगा येतो, मोबाइलवर ट्यूबचा फोटो दाखवतो, "काका, डाग जायची ही द्या." नव्वद टक्के वेळा त्यात स्टेरॉइड असते. नाहीतर तीन औषधं एकत्र असलेली ती प्रसिद्ध ट्यूब, ज्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड तिन्ही असतात. पहिल्या आठवड्यात चेहरा असा उजळते की माणूस खूश होऊन चार मैत्रिणींना सांगते. मग बंद केली की लाल, आग, खाज, आणि मुरूम दुपटीने. मग पुन्हा तीच ट्यूब. कातडी पातळ होते, केस येतात, बारीक लाल शिरा दिसायला लागतात.

सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडच्या त्वचेवरच्या मलमांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. मी देत नाही. गिऱ्हाईक शिव्या घालून समोरच्या दुकानात जाते. जाऊ द्या.

ती तीनवाली ट्यूब वाईट आहे असं नाही. डॉक्टर ठरावीक आठवडे देतात आणि थांबवतात. इथे लोक वर्षं-वर्षं टूथपेस्टीसारखी आणतात. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर उलट निळसर-काळं पडते आणि ते जाता जात नाही.

स्कूटीवाली | १४ नोव्हेंबर, दुपारी १.१८

काका, सलाम तुम्हाला. कॉलेजच्या होस्टेलमध्ये अख्ख्या मजल्यावर ती एकच ट्यूब फिरायची.

माझा प्रश्न उन्हाचा आहे. खामल्याहून हिंगणा रोडला रोज स्कूटी. स्कार्फ तर आपण नागपूरच्या पोरी डोळे सोडून सगळं गुंडाळतो. तरी सनस्क्रीन लागते का? आणि मे महिन्यात ते घामाने दहा मिनिटांत दाढीवर येते, त्याचं काय?

अर्धवट डॉक्टर | १४ नोव्हेंबर, रात्री ११.१०

लागते. पातळ सुती स्कार्फमधून ऊन बऱ्यापैकी आत येतं. दुसरं म्हणजे तोच स्कार्फ घामाने ओला, दिवसभर गालावर घासतो, आणि आठवडाभर धुतला जात नाही. जबड्याच्या रेषेवर मुरूम असलेल्या कितीतरी मुली नुसता स्कार्फ रोज धुवायला सांगितल्यावर निम्म्या बऱ्या झालेल्या दिसतात. हेल्मेटच्या पट्ट्याचंही तेच.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वर, पॅकवर जेल किंवा नॉन-कॉमेडोजेनिक (रंध्रं न बुजवणारी) लिहिलेली. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांब रेघ मारून जेवढी येते तेवढी. लोक वाटाण्याएवढी लावतात आणि मग म्हणतात काम करत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी. काळे डाग असतील तर रंगाची छटा असलेली, आयर्न ऑक्साइडवाली घ्या. आपल्या त्वचेला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळं करतो आणि साधी पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही.

रंगाच्या डागांवर रात्री ॲझेलाइक ॲसिड किंवा अडॅपॅलीन, डॉक्टरांच्या सल्ल्याने. पण सकाळी सनस्क्रीन नसेल तर रात्रीचं सगळं पाण्यात.

दोन पोरांची आई | १६ नोव्हेंबर, सकाळी ११.००

माझा मोठा पंधरा वर्षांचा. दहावी, क्लास, आणि गाल-कपाळ भरून मुरूम. सतत नखाने फोडत असतो. शाळेच्या शर्टाच्या कॉलरला रक्ताचे ठिपके. ह्यांचं म्हणणं "वयात आला की होतंच, जाईल आपोआप". हा धागा वाचून पोटात गोळा आला.

गच्चीवरची बाग | १६ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

ताई, आपोआप मुरूम जातात, खड्डे नाही. आजच दाखवा. माझ्या घरीही हेच वाक्य होतं.

अर्धवट डॉक्टर | १६ नोव्हेंबर, रात्री १०.००

खड्डा पडू न देणं हा या विषयातला सगळ्यात स्वस्त उपचार आहे आणि त्याच्यासाठी कोणी पॅकेज विकत नाही. मुरमांची सूज जितके दिवस राहते तितका खड्ड्यांचा धोका वाढतो. सौम्य-मध्यम असेल तर अडॅपॅलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडवर सुरुवात होते. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर, रात्री, सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे कोरडं पडतं, सोलतं, कधी मुरूम वाढल्यासारखे वाटतात. तिथेच बरेचजण सोडतात. निकाल बघायला तीन महिने लागतात. बेंझॉइल पेरॉक्साइडने उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे पडतात, तेव्हा चांगला टॉवेल लपवा.

हेच दोन्ही एकत्र, अडॅपॅलीन जरा जास्त तीव्रतेचं, २४ आठवडे लावून पाहिलेल्या अभ्यासात आधीचे खड्डेही थोडे कमी झाले आणि न लावलेल्या बाजूला वाढले. म्हणजे क्रीमने अजिबात काही होत नाही असंही नाही. पण थोडे, खोलवरचे नाही.

गाठीगाठीचे, दुखणारे मुरूम असतील तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवतील. चांगलं औषध आहे, ओठ फुटतात, रक्ताच्या तपासण्या लागतात. मुली आणि बायकांसाठी ठळक सांगतो. ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. मैत्रिणीच्या पाकिटातून घेऊन खायची गोष्ट नाही.

मॉडरेटर | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.००

"१५ दिवसांत खड्डे गॅरंटीने गायब, व्हॉट्सॲप करा" असा एक प्रतिसाद काढला आहे. आयडीही.

विदर्भएक्सप्रेस | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.०६

पंधरा दिवसांत तर आपल्या गल्लीतला खड्डा पण भरत नाही.

जयताळा लाईन | १९ नोव्हेंबर, रात्री ९.३५

माझं उलटं आहे. खड्डे नाही, छातीवर आणि जबड्याखाली मुरमाच्या जागी टणक उंचवटे झालेत, खाजतात, आणि वाढून राहिले. एका पार्लरमध्ये "घासून काढू" म्हणाले.

अर्धवट डॉक्टर | १९ नोव्हेंबर, रात्री ११.२०

घासू देऊ नका. वाचून केलॉइड वाटतं, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणारी व्रणाची गाठ. त्याला सुई, लेझर, कापणं, काहीही उगाच केलं की आणखी मोठं होऊन परत येतं. त्यात काही आठवड्यांच्या अंतराने स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, सिलिकॉन जेल किंवा पट्टी लावतात. (काकांनी सांगितलेली ट्यूब आणि गाठीत डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.) घरात कोणाला केलॉइड असेल तर खड्ड्यांच्या उपचाराला जातानाही हे आधी सांगायचं.

खिशाची अडचण असेल त्यांच्यासाठी : मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचा विभाग आहे. रांग असते, सकाळ जाते. पण निदान पक्कं होतं. खासगीत जात असाल तर बोर्डवर त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा आहे का पाहा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' एवढंच लिहिलं असेल तर शिक्षण विचारा. विचारल्याचा राग आला तर उत्तर मिळालंच.

तर्रीपोहे | ८ जानेवारी, रात्री १०.१५

धागा वर काढतो. दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेलो, धंतोलीत. पहिल्यांदा कोणीतरी माझा गाल हात लावून, ताणून, तिरप्या दिव्यात पाहिला. त्यांनी कागदावर चेहरा काढून तीन रंगांत खुणा केल्या. कानशिलाजवळच्या भोकांना क्रॉस, गालाच्या पसरट भागाला सबसिजन, नंतर गरज वाटली तर मायक्रोनीडलिंग. लेझरचं विचारलं तर म्हणाले, आपल्या रंगाच्या त्वचेला लेझरनंतर काळं पडायचा धोका असतो, आधी बाकीचं करू, लागलं तर कमी ताकदीवर बघू. ओठावर ताप उठतो का, घरात केलॉइड आहे का, मुरमांच्या गोळ्या कधी घेतल्या का, सगळं विचारलं. साठ हजारवाल्यांनी यातलं एक विचारलं नव्हतं.

क्रॉस झालं. पांढरे ठिपके उठले तेव्हा आरशात पाहून मी हसलो, तीट लावल्यासारखं उलट्या रंगाचं. मग खपल्या. ऑफिसमध्ये मास्क लावून बसलो, कोणी विचारलं नाही, डिसेंबरात अर्ध्या ऑफिसला सर्दी होती. हनुवटीचे डाग नुसत्या सनस्क्रीन आणि रात्रीच्या क्रीमने फिकट होऊन राहिले. खड्ड्यात फरक? आत्ताच सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले कोलॅजन तयार व्हायला तीन ते सहा महिने, तोवर आरसा कमी पाहा आणि दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फिल्टरशिवाय एक फोटो.

आईने परवा हळूच विचारलं, "माझ्या वांगांवर काही देतात का रे तुझे डॉक्टर?"

सुलभा_महाल | ९ जानेवारी, सकाळी ६.४५

मला पण विचारून सांग.

अर्धवट डॉक्टर | ९ जानेवारी, रात्री ११.३०

छान चाललं आहे. वांगांचा वेगळा धागा काढा, ते प्रकरण मोठं आहे. तुमची वेळ बरोबर साधली. दिवाळी ते संक्रांत हा आपल्याकडे या कामाचा उत्तम काळ. पारा पंचेचाळीसच्या घरात गेल्यावर खपल्या असलेला गाल घेऊन बाइकवर फिरायचं म्हणजे काळे डाग ओढवून घेणं. उन्हाळ्यात होतच नाही असं नाही, पण दिवसा घरात-ऑफिसात राहणाऱ्यानेच करावं.

तर्रीपोहे | २० फेब्रुवारी, रात्री ९.५०

सबसिजनची तारीख होळीच्या तीन दिवस आधीची मिळून राहिली. ऑफिसात सुट्टी जोडून येते. घेऊ का?

गच्चीवरची बाग | २० फेब्रुवारी, रात्री १०.०५

अजिबात नको! सुजलेला गाल, सुईची छिद्रं ताजी, आणि त्यावर कोणीतरी चांदीचा रंग फासणार. तारीख पुढे ढकला.

जिमवाला बंटी | २० फेब्रुवारी, रात्री १०.११

आम्ही फासणारच होतो.

अर्धवट डॉक्टर | २० फेब्रुवारी, रात्री ११.४०

धुळवडीनंतरची घ्या, पण एप्रिलच्या आत. तोवर रात्रीची क्रीम चालू असेल तर रंग खेळायच्या तीन-चार दिवस आधी ती बंद ठेवता येईल का, हे उद्या डॉक्टरांना फोन करून विचारा.